मागाच्या जागेवरचा सराव

नागपूर, १२ जानेवारी

सौ. दामिनीताईस प्रज्वलचा वाकून नमस्कार.

भाऊजी आणि मयुरी बरे असतील. सावनेरला थंडी इथल्यापेक्षा जास्तच असेल. आईचे गुडघे दुखतात, पण तुला कळवू नको म्हणाली आहे. फोनवर बोलताना बाबा शेजारीच असतात, म्हणून पत्र लिहितो आहे.

गोल्फ क्लबमध्ये बॅगा उचलणाऱ्या आम्हा मुलांची स्पर्धा रविवारी झाली. जिंकणाऱ्याला शिकाऊ प्रशिक्षक म्हणून घेणार होते. मी हरलो. लांबचे फटके सरळ गेले. पण भोकाजवळ, जिथे चेंडू हळूच ढकलायचा असतो, तिथे तो दरवेळी उजव्या काठाने निघून गेला.

शिकवणारे सौरव सर जवळ आले. “सरळ जागा होती. उजवीकडं काहून मारून राहिला बे? प्रॅक्टिस कुठं करतो?”

“घरी, सर.”

“रोज एकाच जागी? मग तू खेळ नाही शिकला, ती जागा शिकला. जागा बदलत जा, अंतर बदलत जा.”

घरी येऊन मी सरावाच्या जागेवरचा गालिचा गुंडाळला आणि उघड्या फरशीवर चेंडू ठेवला. तो आपोआप डावीकडे घरंगळला आणि बाबांच्या हातमागाचा खड्डा होता तिथे जाऊन थांबला.

माझ्या सरावासाठी माग काढू नका म्हणून तू भांडून गेलीस, त्यानंतर बाबांनी तो खड्डा स्वतः भरला. मी म्हटले, मिस्त्री बोलावू. “माहा खड्डा, मीच बुजवतो,” म्हणाले. मुरूम नीट दबला नसावा. वरचे सिमेंट हळूहळू खचत गेले, त्यावर मंडपवाल्याचा हिरवा गालिचा होता, आणि माझा हात त्या उताराला जुळत गेला.

बाबांना हे सांगितलेले नाही.

ते अजून रोज सकाळी भिंतीशी, भोक म्हणून आडव्या ठेवलेल्या गिलासाजवळ बसतात. चेंडू आला की मागावरचा धोटा फेकल्यासारखा परत सोडतात. हरल्याच्या दुसऱ्या दिवशी मी उठलो नाही, तर म्हणाले, “ऊठ गा. एक ताणा बिघडला म्हणून कोणी माग सोडते का?” बोलून गेले, आणि मग बराच वेळ गालिच्याची कड सरळ करत राहिले.

पुढची निवड होळीनंतर आहे. सर सकाळीच क्लबच्या हिरवळीवर बोलावतात, नंतर तिथे साहेब लोक खेळतात. या वेळी जमले नाही तर बुटीबोरीला गिरणीत लागावे लागेल. घरी खेळत राहिलो तर हात आणखी बिघडेल. पण मी सकाळी निघून गेलो, तर बाबांनी त्या खोलीत काय करायचे?

तू एकदा ये. राग घेऊन आलीस तरी चालेल. त्या वेळेला कोणीतरी त्यांच्यासमोर बसायला हवे.

आज सकाळी क्लबवर जायचे ठरवले होते. गेलो नाही. गिलासाच्या उजवीकडे नेम धरला, चेंडू वळला आणि आत गेला. बाबांनी टाळी वाजवली. “पाह्य, जमते का नाही!”

त्या टाळीपुढे मान वर न करू शकलेला,
तुझा प्रज्वल