गुलाब माझा, फुलं त्याची

रविवार, ८ फेब्रुवारी

चि. ठमाबाईस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. नव्या घराला दोन खोल्या आणि गॅलरी आहे हे वाचून बरं वाटलं. गॅलरीत ऊन येतं का, ते मात्र लिहिलं नाहीस. मी ठीक आहे. शिलाई मशीनचा पट्टा बदलला, चष्मा बदलला, गिऱ्हाइकं तीच आहेत आणि त्यांची घाईही तीच.

तुझा बाबाही ठीक असावा. ‘असावा’ म्हणते, कारण आम्ही दोघं बहीणभाऊ बोलत नाही हे तुला ठाऊकच आहे. तुझी आई होती तोवर आमचं बोलणं तिच्यामार्फत चालायचं. तिला दोन्हीकडे चहा मिळायचा आणि आम्हाला निरोप. ती गेल्यापासून मी कानांवर भागवते. सकाळी भिंतीपलीकडे बादली वाजली की समजायचं, उठला. रेडिओवरच्या बातम्यांशी भांडायला लागला की तब्येत उत्तम.

तू लिहिलंस, “आत्या, माझ्याकडे राहायला या म्हणून बाबांना तूच समजाव. आता तिथे त्यांचं आहे तरी कोण?” वाचलं. त्याबद्दल नंतर लिहिते. आधी गुलाबाचं ऐक.

घराची वाटणी झाली तेव्हा तू शाळेत होतीस. अंगणाच्या मधोमध छातीइतकी भिंत घालायची ठरली. गवंडी घरचाच, तुझा बाबा. पण काम चालू असताना कशावरून तरी आमची बाचाबाची झाली आणि रागाच्या भरात त्याने ठरल्यापेक्षा चार थर जास्त चढवले. माझ्या अंगणातलं निम्मं ऊन गेलं. मीही काही कमी नाही. ती भिंत डोळ्यांसमोर नको म्हणून तिच्या पायथ्याशी लाल वेली गुलाब लावला. खत घातलं, तांदूळ धुतलेलं पाणी घातलं, अगदी लाडाने वाढवला. आणि त्या नमकहरामाने काय करावं? ऊन शोधत सरळ वर गेला, भिंत ओलांडली आणि पलीकडे जाऊन फुलला. दरवर्षी हेच. माझ्या वाट्याला बुंधा आणि काटे, फुलं तुझ्या बाबाला. शिवाय येणारेजाणारे त्याच्या फाटकाशी थांबून म्हणतात, “काय हात आहे हो तुमचा!” आणि हा म्हणतो, “हं.” मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

यंदा मात्र हे चालायचं नाही. रोपवाटिकेवाली बाई माझ्याकडे कपडे शिवायला टाकते. ती म्हणाली, फांदी आभाळाकडे उभी वाढली की फक्त शेंड्याला फुलते. तीच आडवी करून बांधली की तिच्या पेरांवरच्या डोळ्या-डोळ्यातून फुटवे येतात आणि प्रत्येक फुटव्याला फूल. तेव्हा उद्या सगळ्या फांद्या माझ्या बाजूला ओढून घेणार आहे. बघच तू.

तुझी आत्या


सोमवार, २ मार्च

प्रिय ठमे,

आशीर्वाद. गॅलरीत दुपारपर्यंत ऊन असतं म्हणतेस, छान. माझं पत्र लांबलं, कारण बोटांत इतके काटे गेले होते की पेन सोड, सुईसुद्धा धरवत नव्हती.

झालं असं. मी स्टुलावर चढले, फांदी धरली आणि ओढली. येईना. जोर लावला, तरी येईना. टाचा उंचावून पलीकडे डोकावले, तर तुझ्या बाबाने भिंतीला खिळे ठोकून सगळ्या फांद्या बांधून ठेवलेल्या. कशाने, तर सळया बांधायच्या तारेने! पक्कडीने पीळ मारून! गवंडीच तो. त्याच्या लेखी गुलाबाची फांदी काय आणि स्लॅबची सळई काय, सारखीच. तार सालीत पार रुतली होती.

माझं डोकंच फिरलं. आत जाऊन चिंध्यांचं गाठोडं सोडलं आणि पट्ट्या कापायला बसले. उरेब कापल्या, म्हणजे तिरप्या. तिरपं कापलेलं कापड ताणतं, त्यामुळे फांदी जाड झाली तरी तिला काचत नाही. त्या सगळ्यांचा बोळा केला, पुन्हा स्टुलावर चढले आणि दिला भिंतीवरून भिरकावून. पलीकडे कप फुटल्याचा आवाज आला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मग तुझ्या बाबाचा आवाज.

“हे काय आहे?”

भिंतीला विचारत असावा. पण विचारल्यावर उत्तर द्यावं, एवढी रीत मला आहे.

“तार काढ. गळा आवळलायस त्याचा.”

“पडेल तो.”

“नाही पडत. पट्टीने बांध. इंग्रजी आठचा आकडा कर, एक वेढा खिळ्याला, एक फांदीला. बोट जाईल इतकी सैल ठेव.”

“सैल बांधलेलं टिकतं होय?”

“लहानपणी माझ्या हातचे सदरे घालून हुंदडलास. एक तरी उसवला का?”

मग पक्कडीची कटकट ऐकू आली. आणि मग, ठमे, तो म्हणाला, “ताई, गाठ पुढे की मागे?”

ताई म्हणाला. इतक्या वर्षांनी. मी स्टुलावरून पडायचीच बाकी होते. “मागे,” एवढंच म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसले. हे तुझ्यामाझ्यात ठेव, त्याला कळलं तर डोक्यावर बसेल.

तेव्हापासून संध्याकाळी आमचं काम चालतं. हे एकट्याचं काम नाहीच. त्याने पलीकडून फांदी सोडवून वर उचलायची, मी अलीकडे ती हळूहळू वाकवत आडवी करायची. घाई केली की कडकन मोडते. निम्म्या फांद्या माझ्याकडे, निम्म्या त्याच्याकडे, अशी वाटणी झाली आणि या खेपेला भांडण नाही. मला भिंतीवरून फक्त त्याचा हात दिसतो. लहानपणी दारात चेमटलेलं अंगठ्याचं नख अजून तसंच वाकडं आहे. बोलणं मोजकंच. “धर.” “धरलं.” “सोडू?” “थांब मेल्या, काटा घुसलाय!”

काल रोपवाटिकेवाली बघून गेली. बांधणी झकास आहे म्हणाली, पण या बाजूला ऊन कमी, फार आशा धरू नका, असंही म्हणाली. मी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. मोठ्याने, आणि भिंतीकडे तोंड करून.

तुझा प्रश्न विसरले नाहीये. पण हातात काटेरी फांदी असताना असले विषय कसे काढणार? काम संपू दे, मग बघू.

तुझी आत्या


रविवार, १९ एप्रिल

प्रिय ठमे,

फुलला! माझ्या बाजूला फुलला!

पण आधीचं आधी सांगते. मागचं पत्र टाकलं त्याच आठवड्यात एका सकाळी भिंतीवर ठोकाठोकी सुरू झाली. म्हटलं, हा आणखी थर चढवतोय की काय! हातातली कात्री तशीच घेऊन तणतणत बाहेर गेले. बघते तर वरची एक वीट निघालेली आणि त्या फटीतून तुझ्या बाबाचे डोळे माझ्याकडे बघतायत.

“काय चाललंय?” मी विचारलं.

“वरचे थर सैल झालेत. कुणाच्या तरी डोक्यात पडायचे.”

आता सैल झालेले थर काढायला छिन्नी-हातोडा घेऊन अख्खी सकाळ घाम गाळावा लागत नाही. तुझ्या बाबाने बांधलेलं काहीही आपणहून सैल झाल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही. पण मी म्हटलं, “बरं झालं, वेळेवर लक्षात आलं.” आणि विटा झेलायला उभी राहिले.

बरोबर चार थर काढले त्याने. माझ्या अंगणात इतकं ऊन आलं की मी खुळ्यासारखी तिथेच उभी. आडव्या फांद्यांना डोळ्या-डोळ्यातून फुटवे आले, मग कळ्या आल्या, आणि आता भिंत दोन्ही बाजूंनी लाल झाली आहे. परवा एक बाई त्याच्या फाटकाशी थांबून म्हणाली, “काय हात आहे हो तुमचा!” मी मशीन थांबवून कान दिला. तो म्हणाला, “माझा नाही, ताईचा.”

तो टक्कल पडून चांगलाच म्हातारा झालाय, हे मला आत्ता दिसलं. माझ्याबद्दलही त्याला तेच दिसलं असणार. संध्याकाळी आम्ही भिंतीवर चहाचे कप ठेवून उभे राहतो. फुटलेल्या कपाच्या बदल्यात मी माझ्यातला एक दिला आहे. तो रेडिओ बाहेर आणतो आणि आता बातम्यांशी आम्ही दोघं मिळून भांडतो.

तर आता तुझा प्रश्न. मी त्याला विचारलेलं नाही. वेळ मिळाला नाही असंही नाही, रोज समोर असतो. पण तोंडच उघडत नाही. “लेकीकडे जातोस का?” म्हणायचं, आणि तो “जातो” म्हणाला तर? सकाळी पलीकडे बादली वाजायची नाही. मी चहा घेऊन कुणापुढे उभी राहू?

तुझं काही चुकत नाही. तू लेक आहेस, तुझा हक्क मोठा. तूच ये आणि तूच त्याला विचार. फुलं आहेत तोवर ये, दोन्ही घरांत तुझी गादी घालते. तो निघालाच, तर त्याच्यासाठी मजबूत पिशवी शिवून देईन आणि तोंड वाकडं करणार नाही. थोडंसं करीन. पण त्याला समजाव, असं मला सांगू नकोस. ते माझ्याच्याने व्हायचं नाही. त्याने जाऊ नये असं मला वाटतं, आणि हेच मी दोन पत्रं लिहायचं टाळत होते.

तू विचारलं होतंस, आता तिथे त्यांचं आहे तरी कोण.

मी आहे.

तुझी आत्या
आणि त्याची ताई