चपलांचा आयकॉन

मी, खाली सही करणारा, व्यवसाय मोबाइलच्या पडद्यावरचे आयकॉन काढणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. फुफ्फुसं कामातून गेली आहेत, डोकं मात्र अजून ठिकाणावर आहे.

१. राहतं घर थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, हयातभर वापरण्यास राहील. तिच्या पश्चात ते तिच्या मुलाचं, म्हणजे माझ्या भाच्याचं.

२. माझा कॉम्प्युटर, ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मैत्रिणीला द्यावा. बाई, काढलेलं चित्र नखाएवढं करून, डोळे बारीक करून बघत जा. तरी ओळखू आलं तरच ठेव.

३. जुन्या साहेबांना काहीही नाही. सगळे आयकॉन त्यांनी एकाच राखाडी गोलात बसवायला लावले. "कसं एकसारखं दिसतंय!" म्हणे. अहो, तेच तर दुखणं आहे! माणसं नुसती चाचपडत बसतात.

४. ताईचा फोन. मेंदूला झटका आल्यापासून तिला अक्षर कळत नाही, आकडाही नाही. तिच्या फोनवर मी एकच मोठा आयकॉन ठेवला आहे. तो दाबला की मला फोन लागतो. आधी माझा चेहरा काढला. "कोण हा मेला?" म्हणाली. मग माझ्या चष्म्याचं चित्र काढलं, तर डोळे तपासायला जायचं नाही म्हणून रुसून बसली. शेवटी दाराशी काढतो त्या माझ्या चपला काढल्या, डावीचा अंगठा तुटलेला, अगदी तशाच. बघताक्षणी म्हणाली, "आलास होय रे!" उभ्या जन्मात माझ्या कामाला अशी दाद मिळाली नाही.

सबब हा आयकॉन कोणीही बदलू नये. भाच्याने तिथे आपला फोटो लावू नये. लावून पाहिला आहे, ती ओळखत नाही. नवं काही शिकणं तिला आता जमणार नाही. मी गेलो असं तुम्ही सांगाल, ती मान हलवेल आणि दुपारी पुन्हा चपला दाबेल.

५. माझ्या नंबरवरचे फोन भाच्याकडे वळवावेत. तो म्हणतो, "मामा, दिवसभर तेच करू का?" त्याचंही खरं आहे. तो उचलेल असं मला वाटत नाही, तरी लिहून ठेवतो. उचललासच तर "आई" म्हणू नकोस, बाबा. चुकीचं दाबलं असं वाटून ती रडत बसते. "बोल ताई" म्हण.

स्थळ: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: सोमवार, डॉक्टर येण्याआधी
लिहून देणार: ताईचा भाऊ (सही)
साक्षीदार: शेजारीण (सही), वरच्या मजल्यावरचे मास्तर (सही)