थोरल्याच्या नावावर

प्रिय एस्तेन,

अनेक आशीर्वाद. अक्षर कारीचं आहे, बोल माझे. पत्र शेजारच्या लार्सच्या हाती पाठवतेय. दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नसतं. वाचून झालं की चुलीत टाक, तुझ्या पलटणीतल्या कुणाला दाखवू नकोस.

यंदा सातू बरा आला, पण वरच्या शेतातला दंवाने गेला. भाकरीच्या पिठात अजून झाडाची साल मिसळावी लागते. कारी म्हणते, "आई, आता मला सालीशिवाय भाकरी गोडच लागणार नाही." गाय एकच उरली आहे, ती नाताळच्या सुमारास विईल. गोठा नवा उभा राहिला आहे. कुणी बांधला ते सांगते, पण क्रमाने सांगू दे.

गेल्या नाताळनंतर स्वीडिश फौज आपल्या दरीत उतरली, हे तू ऐकलंच असशील. त्यांचा राजा दक्षिणेत गोळी लागून मेला होता आणि ते डोंगर ओलांडून आपल्या मुलखात परत निघाले होते. हजारो माणसं, आणि आपल्या गावात घरं किती ते तुला ठाऊक आहे. मी आणि कारी गाय घेऊन जंगलातल्या गवताच्या खोपटात दडलो. परतलो तेव्हा कुंपण, जिना, गोठ्याच्या फळ्या, सगळं त्यांच्या शेकोट्यांत गेलेलं. आणि ते वर चढले त्याच दिवशी असा वारा सुटला, की आम्ही चार भिंतींच्या आत असून एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. तो तीन दिवस थांबला नाही.

वारा पडल्यावर गावातली माणसं स्की बांधून वर निघाली. मीही निघाले. खोटं कशाला सांगू, दया आली म्हणून गेले नाही. कारीच्या पायात धड बूट नव्हते आणि मेलेल्यांच्या पायांत होते. वर माणसं बसल्या जागी गोठलेली. एकाने बंदुकीचा दस्ता फोडून जाळ करायचा प्रयत्न केलेला. बर्फाच्या कडेला एक जण कुशीवर पडला होता, त्याचे बूट चांगले दिसले. मी एक ओढून काढला. दुसरा ओढला आणि पाय आखडला गेला. मागे घेतला त्याने.

कारी म्हणते हे लिहू नको. लिही, म्हटलं. पाय हलल्यावरही मी बूट सोडला नाही, एस्तेन. थोडा वेळ तशीच धरून बसले. लार्स म्हणाला, "चल गं इंगेबोर्ग, हा संध्याकाळपर्यंत आपोआप संपेल. काढून घे." मला डोळ्यांपुढे तुझा दादा, उलाव्ह दिसला. आदल्या शरद ऋतूत याच फौजेशी लढताना त्या मातीच्या गढीवर तो पडला तेव्हा त्याच्याजवळही कुणीतरी असंच बसलं असेल का, काय काढून घेतलं असेल. मी बूट परत चढवायला गेले, पण सुजल्या पायात तो जाईना. शेवटी लार्सलाच दटावलं, "उचल पायाकडून!" शिव्या देत देत त्यानेच घसरगाडी ओढली.

घरी आणल्यावर त्याच्या पायांची गोठलेली सहा बोटं मी स्वतः कापली. कारी त्याच्याशी महिनाभर बोलली नाही. लापशीचं भांडं असं आदळायची, की निम्मी खाली सांडायची. "दादाला मारणाऱ्याला मी भरवू?" म्हणायची. तो खाली सांडलेलीही बोटाने पुसून खायचा. त्याला आपली भाषा येत नव्हती, स्वीडिशही धड येत नव्हती. तो फिनलंडचा, स्वीडिश फौजेत भरती केलेला, नाव सिमो. पुढे तोडकं मोडकं बोलायला लागला तेव्हा कळलं, त्याचं गाव रशियनांनी जाळलं. बायको कुठे नेली ते त्याला माहीत नाही. परत जायचं तर कुणाकडे?

फेब्रुवारीत आपल्या सैन्याचा एक अधिकारी मागे राहिलेले शत्रू शोधत घरोघर आला. सिमो चुलीशी बसलेला, पाय फडक्यांत. अधिकाऱ्याने विचारलं, हा कोण? मी काहीही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "माझा थोरला. उलाव्ह. गढीवरून आला, पाय गोठले, वाचा गेली." त्याने कारीकडे पाहिलं. "खरं का गं? तुझा भाऊ?" कारी ढवळता ढवळता म्हणाली, "हो. आधीही फारसा बोलायचा नाही. हट्टी आहे." त्याने यादीत नाव लिहिलं आणि गेला. कारी त्यानंतर अंगणात जाऊन रडली.

गावाला सगळं माहीत आहे, पण गाव गप्प आहे. गोठा सिमोनेच बांधला. आपलाच नव्हे, लार्सचाही.

आणि मागच्या आठवड्यात तुझा निरोप आला. कुठल्याशा यादीत तू नाव वाचलंस. "दादा जिवंत आहे आणि मला परक्याकडून कळावं? आई, तू बोललीच कशी नाहीस? त्याच्यासाठी तंबाखू घेतलाय, सुट्टी मिळताच निघतो." निरोप सांगणारा हसत होता, तू पलटणभर नाचलास म्हणून. मी त्याच्यासमोर हसले. बाळा, उलाव्ह गेला. त्याला पुरणारा माणूस त्याचा सुरा मला देऊन गेला होता, ते खरं होतं. यादीत नाव घालताना मला तू आठवला नाहीस, आणि आज या पत्राने मी तुझ्या दादाला दुसऱ्यांदा मारतेय. तू दारात येऊन अनोळखी तोंड पाहण्यापेक्षा इथेच, एकट्याने वाचलेलं बरं, म्हणून लिहिलं. ये मात्र. अंगणात जो लंगडत पुढे येईल तो सिमो. त्याला चारचौघांत दादा म्हणायचं की खरं सांगून टाकायचं, हे तुझ्या हातात आहे. तू सांगितलंस तर अधिकारी त्याला घेऊन जातील, आणि मी तुला बोल लावणार नाही. फक्त आधी त्याच्यासोबत एकदा जेव.

तुझीच,
आई