घरातलं निःशस्त्रीकरण

२८ मे १९७८
अप्पांना जाऊन महिना होत आला. बंदुकीचं लायसन त्यांच्या नावाचं, त्यामुळे ती आता चौकीत जमा करायची. हवालदार मायाप्पांनी आज पेठेत गाठून आठवण करून दिली. उद्या नक्की. मला त्या बंदुकीचं काही नाही. आईला जड जाईल, एवढंच.

२९ मे
निघालो होतो. पण सायकलवर बंदूक न्यायची कशी? चादरीत गुंडाळली तर चोर वाटतो, उघडी नेली तर दरोडेखोर. शेवटी नळीला तेल दिलं नि परत टांगली. सरकारला द्यायची वस्तू स्वच्छ हवी.

३ जून
पेपरात आलंय, युनोत निःशस्त्रीकरणाची बैठक चालू आहे. ठरवायचं सगळ्या देशांनी मिळून, अंमल मात्र ज्याच्या त्याच्या सरकारनं आपापल्या घरी करायचा. तिथंच घोडं अडतं म्हणे. सरकारांकडे निर्धार नसतो. सोमवारी जातो.

५ जून, सोमवार
अमावास्या निघाली. अशा दिवशी नको. हेमावती म्हणाली, आपल्यात अमावास्या वाईट कधीपासून झाली? तुमच्या मामांनी दुकान अमावास्येलाच उघडलं की. बायकोशी वाद घालायचा नाही, असं ठरवलं आहे. परत तेल दिलं.

१२ जून
मायाप्पा घरीच आले. चहा संपवून म्हणाले, "मास्तर, लई दिवस झालं. केस करायला लावता का?" आई अजून सावरली नाही, असं मी हळूच सांगितलं. आई आतून म्हणाली, "माझं नाव कशाला? मी तवाच देऊन टाक म्हटलं न्हवतं व्हय?" दुःखात माणूस काहीही बोलतं.

१३ जून
आईचं मन अखेर वळवलं. म्हणजे तिनंच बंदूक चादरीत गुंडाळली नि टांगा थांबवला. मी सोबत गेलो.

चौकीत नवा पोलीस होता. मयताचं नाव विचारलं. आईनं आजवर नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडलं. आवाज फुटेना. पोलीस म्हणाला, "काय ओ, बेवारशी हाय का बंदूक?"

आईनं पदर सारखा केला. "रेवणप्पा," म्हणाली.

घसा बसलाय. रात्री पंख्याखाली झोपणं बंद केलं पाहिजे.