ओहोटीला नेलेली देवी

आई,

आज नातीला ताप आहे. डॉक्टर येऊन गेले, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले, तरी माझी भीती जात नाही. अशा वेळी तू आठवतेस, आणि लालबागच्या चाळीतली आपली ती फळी, जिच्यावरून तू देवी उतरवलीस. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन थोडेच दिवस झाले होते. बाबा म्हणाले, आता घरात देव नकोत. सासूने तुझ्या हाती सोपवलेला तो देवीचा चांदीचा टाक तू फडक्यात बांधलास आणि मला घेऊन शिवडीच्या खाडीवर गेलीस. भरती-ओहोटी बघून जावं हे काही तुला सुचलं नाही. पाणी पार आत गेलेलं. तू फडकं सोडून टाक जोरात फेकलास, तो चिखलावर पडला आणि तसाच उन्हात चकाकत राहिला. बुडालाच नाही. तू माझा हात धरून मागे न बघता चालू लागलीस. मी मात्र बघत होते.

त्याच आठवड्यात माझ्या पाठच्या धाकटीला ताप भरला, अंगभर पुरळ उठलं. आत्या दारातूनच म्हणाली, "वैनी, देवी चिखलात उघडी टाकलीस तू. जा, घेऊन ये, नायतर पोर जाईल." त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता, बाबा मोर्चात गेलेले. बस नाही, टॅक्सी नाही, नाक्यावर पोलीस, आणि आदल्या वर्षीचा गोळीबार कुणी विसरलं नव्हतं. तू धाकटीला पदराखाली घेऊन निघालीस, मी तुझ्या मागे. नाक्यावरून एक रस्ता शिवडीला जातो, एक परळच्या इस्पितळाकडे. तिथे तू थांबतेस. मी रडत म्हणते, आई, देवी परत आणूया.

"भ्या मलाबी वाटतंय," तू म्हणतेस. "पण भ्या वाटतं म्हणून परत हात जोडू व्हय?"

आणि तू परळकडे वळलीस. पोलिसाने अडवलं, तेव्हा पदर बाजूला करून त्याला पोरीचं तोंड दाखवलंस. त्याने जाऊ दिलं. धाकटी वाचली. पण ती हिंडूफिरू लागेपर्यंत तू साध्या भांड्याच्या आवाजानेही दचकायचीस, आणि बाबांना यातलं काही सांगू नकोस म्हणायचीस. पुढे त्या फळीवर बुद्धाची मूर्ती आली. तिच्यापुढे बसले की मला थोडा वेळ बरं वाटायचं, मग तो चिखल दिसायचा.

तुझ्या शेवटच्या आजारात मी एकदा इस्पितळातून निघून घरी न जाता शिवडीला गेले. तेव्हाही ओहोटीच होती. मी हात जोडले नाहीत, आई. पण दोन्ही हात पदरात गच्च धरून ठेवावे लागले.

आतल्या खोलीत नात कण्हतेय. हे कुठे पाठवायचं नाही, तरी मघापासून लिहितेच आहे. पेन खाली ठेवायची भीती वाटते. हात मोकळे होतील.