पाळणा कुठे ठेवायचा

११ फेब्रुवारी

आहे! मला शंका होतीच. आज डॉक्टरीणबाईंनी शिक्कामोर्तब केलं. सप्टेंबर म्हणाल्या.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे नुकतेच पंपाच्या कारखान्यातून आले होते. एका पायातली चप्पल काढलेली, दुसरी तशीच. तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "बरं." बरं म्हणजे काय? बरं झालं की बरं नाही झालं? मी विचारलं नाही. कारखाना आठवड्याचे तीनच दिवस चालतो, पगारही तेवढाच. माणसाला आनंद करायचा म्हटलं तरी आधी घरखर्च आठवतो.

आणि मी शहाणी! गेल्याच वर्षी आमच्या भिंगरीचं लहानपणचं सगळं वाटून टाकलं. दुपटी, टोपडी, मच्छरदाणीसुद्धा. एक मुलगी पुरे, आता कशाला लागतंय, म्हणून. सहा वर्षं जपलं, आणि नेमकं तेव्हाच हात सैल सुटला.

१६ फेब्रुवारी

खाली सांगून आले. सासूबाई हसल्या, पाठीवरून हात फिरवला. थोरले भावजी "छान, छान" म्हणून दुकानात निघून गेले. जाऊबाई उठून मोरीत गेल्या आणि भांडी घासत बसल्या. भांडी सकाळीच घासून झाली होती.

त्यांच्या लग्नाला तेरा वर्षं झाली. किती दवाखाने झाले, किती औषधं झाली. शेवटी भावजीच म्हणाले, आता बस. आणि इथे मला नको असताना —

छे. नको असं लिहू नये. नको नव्हतं. परवडत नव्हतं.

१७ फेब्रुवारी

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याशी दुधाचा पेला, वर झाकण. जाऊबाई ठेवून गेल्या. हाक नाही, काही नाही.

९ मार्च

दुधाचा पेला रोज येतो.

आज लाँड्रीत रफूचे पाच कोट होते. मान धरली आहे. पण एक चांगलं झालं. वर्षभर न्यायला कोणी आलं नाही अशा कपड्यांचं गाठोडं मालकाने माझ्यापुढे ठेवलं. म्हणाला, घेऊन जा, तुला लागतील. ह्या माणसाने आजवर मला सुईसुद्धा फुकट दिलेली नाही! जुने सुती सदरे आहेत, धुऊन धुऊन लोण्यासारखे मऊ झालेले. पाठीच्या भागाची दुपटी होतील, बाह्यांची झबली. कॉलर तेवढ्या वाया. संध्याकाळी ह्यांनीच कात्री धरून कॉलर उसवल्या. पंप उघडणारे हात, पण एक धागा तुटू दिला नाही. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं हसलो.

८ एप्रिल

डॉक्टरीणबाईंचे पैसे द्यायला गेले तर कळलं, जाऊबाई देऊन गेल्या. गोळ्यांचेही. मला कानकोंडं झालं. खाली जाऊन म्हटलं, ताई, असं नका करू. तर म्हणाल्या, "मी काय परकी आहे?"

२ मे

पाळणा आला! नवा कोरा, लाकडी, खाली चाकं. भावजींनी टेम्पोतून आणला. मी जिन्यात उभी राहून बघत होते. वर चढवायला हे पुढे झाले, तर सासूबाई म्हणाल्या, वर जागा कुठे आहे, राहू दे खालीच. खरंच आहे. आमची एक खोली, त्यात शिवणाचं मशीन, भिंगरीची गादी. पाळणा ठेवायचा तर मला उभ्याने झोपावं लागेल.

मी म्हटलं, हो, हो, खालीच बरा. आणि वर येऊन डोळे पुसले. आनंदाने! माझ्या बाळाचं एवढं कोण करतं, म्हणून.

१९ मे

खाली रंगाचा वास येतोय. जाऊबाईंनी मागची खोली रंगवून घेतली.

भिंगरी दिवसभर तिथेच होती. हाताला रंग लावून वर आली आणि म्हणाली, "काकूने बाळाची खोली केली. काकू म्हणाली, तू रोज खाली येऊन बाळाला भेटत जा."

मी भाकरी थापत होते. थापतच राहिले. दुसरीही थापली. मग हात थांबले.

भेटत जा?

२० मे

कालचं आज लिहिते.

भिंगरीला खेळायला पाठवलं आणि ह्यांना सरळ विचारलं. खाली मान घालून बसले. मी म्हटलं, आज तुम्ही बोलल्याशिवाय मी इथून हलणार नाही. तेव्हा एकेक शब्द बाहेर पडला. मार्चमध्ये भावजींनी विचारलं होतं. तुमची ओढाताण चालली आहे, आमचं घर रिकामं आहे. बाळ आम्हाला द्या. खालीच तर राहील, डोळ्यांसमोर.

"तुम्ही हो म्हणालात?"

"नाही म्हणालो नाही."

"म्हणजे हो म्हणालात."

"दादापुढे माझं तोंड उघडत नाही, तुला माहीत आहे."

तळपायाची आग मस्तकात गेली! पोट माझं, ओकाऱ्या मला, पाय माझे सुजतात, आणि बोलणी झाली दोघा भावांची! मला विचारायचं कोणालाच सुचलं नाही. रोज सकाळी तो पेला मी कौतुकाने प्यायले. गाय समजले का मला?

२१ मे

बोलत नाही. कोणाशीच. दूध ओतून दिलं.

२६ मे

राग थोडा उतरला. राग उतरला की विचार येतात, ते जास्त वाईट.

आम्ही काय देणार आहोत ह्या बाळाला? जुन्या सदऱ्यांची झबली. तीन दिवसांच्या पगाराचं घर. भिंगरीची शाळेची फी भरताना आमच्या नाकी नऊ येतात. खाली दूध आहे, खोली आहे, कडेवर घ्यायला रिकामे हात आहेत. कोणी परका नाही. मग माझा जीव का अडतो?

लाँड्रीत काम करता करता एक जाणवलं. रफूला बाहेरचा धागा चालत नाही, रंग जुळत नाही. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून, जिथे कोणी बघत नाही तिथून धागा ओढून काढायचा आणि भोक भरायचं. गिऱ्हाईक खूश, कळतसुद्धा नाही कुठे फाटलं होतं. सासूबाईंच्या मनात तेच असणार. घरातलंच घरात. मी इतकी वर्षं हेच काम करते आणि त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. पण दुमड आतून विरते. ते रफू करणाऱ्यालाच ठाऊक.

नाही द्यायचं. ठरलं.

३० मे

दुपारी सासूबाई झोपल्यावर खाली गेले. जाऊबाई मागच्या खोलीत खिडकीला पडदा लावत होत्या. पिवळा. मी मनात शंभर वाक्यं जुळवली होती, तोंडातून एकच निघालं.

"ताई, बाळ मी देणार नाही. मला कोणी विचारलंच नव्हतं."

त्या स्टुलावर उभ्या होत्या. हळूच खाली उतरल्या. माझ्याकडे बघतच राहिल्या.

"तुला विचारलं नव्हतं?"

"नाही."

"मी आमच्या ह्यांना दोनदा विचारलं. तिची मर्जी आहे ना? म्हणाले, आईने विचारलंय. आईंना विचारलं, तर म्हणाल्या, तीच म्हणाली, ताईला द्या."

मला भांडायचं होतं. इतकी तयारी करून गेले होते! पण भांडायला समोर कोणी उरलंच नाही. जाऊबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. भिंतीला सकाळीच दुसरा हात दिला होता, ओला रंग पदराला लागला, त्यांना कळलंही नाही. त्या म्हणाल्या, "तू रोज दूध पीत होतीस. मला वाटलं, तेच तुझं उत्तर."

आणि मी काय सांगू, मलाही वाटलं होतं, तेच त्यांचं प्रेम. प्रेमच होतं की. त्याच्या पोटात दुसरंही काही होतं, एवढंच. मी त्यांच्या शेजारी बसले. पोटामुळे बसवत नव्हतं, तरी बसले.

१ जून

सकाळी जिन्यात धडधड. बघते तर भावजी आणि हे पाळणा वर चढवत होते. दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता. मागून जाऊबाई, हातात कपड्यांची पेटी. सगळं नवं, लेबलंसुद्धा काढलेली नव्हती. जमिनीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "हे बाळाचं आहे. बाळ जिथे, तिथे हे."

मी म्हटलं, ताई, एवढं कशाला, निदान पाळणा... तर मान हलवून खाली गेल्या.

पाळण्याने अर्धी खोली खाल्ली. शिवणाचं मशीन दाराशी आलं. दार आता पुरतं उघडत नाही.

सासूबाई खालून काहीबाही बोलत होत्या. म्हणे मी घर फोडलं.

२ जून

वाटलं होतं, दूध बंद होणार.

उंबऱ्याशी पेला होता. झाकण ठेवलेला. तिथेच उभी राहून प्यायले आणि रडले.

१७ जुलै

कारखान्याचे आता दोनच दिवस उरले. उरलेले दिवस हे नळदुरुस्तीला जातात. मी लाँड्रीतली जास्तीची कामं घरी आणते. पाळण्यात सध्या लोकांचे कोट ठेवते, दुसरी जागाच नाही. भिंगरी म्हणाली, आई, आपलं बाळ कोट आहे का? मेली!

२३ ऑगस्ट

पाय फार सुजलेत. जाऊबाई येऊन भिंगरीची वेणी घालून गेल्या. माझ्या पोटाकडे बघत नाहीत. बघायचं नाही असं ठरवून बघत नाहीत.

११ सप्टेंबर

मुलगी. काल पहाटे. दोघी ठीक.

फार त्रास झाला, ते लिहीत नाही. एवढंच लिहिते. शुद्धीवर आले तेव्हा जाऊबाई दाराशी उभ्या होत्या. आत नाही, दाराशी. मी म्हटलं, या ना. आल्या. मी म्हटलं, घ्या ना. तेव्हा घेतलं. आधी हात पदराला पुसले, मग घेतलं. डोकं कसं धरायचं ते त्यांना बरोबर येत होतं. कुठे शिकल्या असतील?

२ नोव्हेंबर

आजपासून लाँड्रीत. घरी बसून चालणार नाही, वाणी दारात यायला लागलाय. बाळ दिवसभर जाऊबाईंकडे. मीच विचारलं. त्या म्हणाल्या, "नक्की?" मी म्हटलं, नक्की.

दुपारच्या सुट्टीत धावत येऊन पाजून जाते. लाँड्री जवळ आहे म्हणून बरं.

१४ नोव्हेंबर

संध्याकाळी मी घरात पाऊल टाकते न टाकते, जाऊबाई बाळाला घेऊन वर येतात. न्हाऊ घातलेली, काजळ लावलेली, पोट भरलेली. माझ्या हातात देतात आणि लगेच वळतात. मी म्हणते बसा, तर कुकर लावलाय म्हणतात. रोज कसला कुकर? एक दिवस मला उशीर झाला, तर ह्या जिन्यातच बाळाला घेऊन उभ्या. खाली नाही थांबल्या. माझी वेळ झाली की बाळ आपल्या घरात दिसायला नको, असं काहीसं त्यांच्या मनात असणार.

त्या गेल्या की बाळ दाराकडे बघतं. उगीच बघत असेल. लहान मुलं कुठेही बघतात.

२९ नोव्हेंबर

आज ती हसली! मोठ्याने, खुदकन! मी ह्यांना हाका मारल्या, नाचले अक्षरशः. म्हटलं, बघा, पहिल्यांदा हसली, माझ्याकडे बघून हसली!

भिंगरी अभ्यास करत होती. वर न बघता म्हणाली, "पहिल्यांदा नाही. ती परवाच हसली. काकू म्हणाली, आईला सांगू नकोस. आईसमोर हसेल तेच पहिलं."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी बाळाला मांडीवर घेऊन बसले ती बसलेच.

१ डिसेंबर

कामात लक्ष नाही. एका कोटाची रफू उसवून पुन्हा केली.

तेव्हा मागत होते, म्हणून नाही म्हटलं. ते बरोबरच होतं, आजही म्हणेन. आता कोणी मागत नाही. जूनपासून त्या बाईने एक शब्द काढलेला नाही. काय करावं?

३ डिसेंबर

ह्यांना सांगितलं. पैशाचं नाव काढू नका, हेही सांगितलं. पैशासाठी द्यायची असती तर मेमध्येच गप्प बसले असते.

ह्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग विचारलं, "तुला नक्की हेच हवंय?"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

४ डिसेंबर

संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली. मी उठून दार लावून घेतलं.

जाऊबाईंनी हळूच कडी वाजवली. मी आतून म्हटलं, "ताई, राहू द्या तिला खालीच. आजपासून. मी पाजायला येत जाईन."

मग पावलं उतरायला लागली, एकेक पायरी, अगदी सावकाश.

उद्या पाळणा खाली न्यायचा आहे.