मागचं कुंपण

पणजी,
मंगळवार, १९ नोव्हेंबर २०२४

ती. आबा,

सिद्धूचा तुमच्या पायांवर माथा. कंबरेचं दुखणं आता उतारावर असेल. लंगड्या कोकराला हळद लावायची राहिली होती, ती प्रांजलने लावली असेल.

शनिवारपासून घरी आलो नाही. फोनवर तुमचा आवाज ऐकला की मी खोटं बोलेन, म्हणून हे पत्र. अश्फाक टेम्पो घेऊन जतला परत निघालाय, त्याच्या हाती देतोय. प्रांजल, आबांना सावकाश वाचून दाखव. एकही ओळ गाळू नकोस.

आटपाडीच्या बाजारात दर चांगला लागला. किती मेंढ्या विकल्या ते पुढे लिहितो.

पैसे घेऊन मी अश्फाकच्या टेम्पोतून गोव्याला आलो. इथे नदीत बोटीवर कॅसिनो आहे, म्हणजे परवान्याचा जुगार. त्यात ब्लॅकजॅक नावाचा पत्त्यांचा खेळ असतो. लहान पत्ता बाहेर पडला की मनात एक वाढवायचा, मोठा पडला की एक कमी करायचा. आकडा चढला म्हणजे आत मोठे पत्ते उरले, तेव्हा जास्त रक्कम लावायची. मला वाटलं, हे तर आपलंच काम. मेंढवाड्याच्या दारातून मेंढी बाहेर गेली की ती आत नसते. दोन महिने रानात मी हेच घोकत होतो. तुम्हाला वाटायचं, पोरगं पाढे म्हणतंय.

दोन दिवसांत माझा आकडा एकदाही चुकला नाही. तरी पैसे जातच राहिले. मोजणी बरोबर आहे म्हणजे परत येणारच, असं म्हणून मी आणखी लावले.

काल अश्फाक मला शोधत आला. पत्ते वाटणाऱ्या मुलीकडे बघत पाच मिनिटं पाठीमागे उभा राहिला.

"गड्या, ही पोरगी खेळलेलं पत्तं कुटं टाकतीया?"

"मशिनीत."

"आन नवं कुठनं काढतीया?"

"मशिनीतनं."

"मग मोजतूस काय, डोंबल?"

खेळलेले पत्ते मशीन लगेच पिसून परत नव्यांत मिसळत होतं. मी पुढच्या दारात उभा राहून मोजत होतो आणि मेंढ्या मागच्या कुंपणातून परत आत येत होत्या. तुम्ही रोज विचारायचा, "मागचं कुंपण बगितलंस का रं?" रोज मला राग यायचा.

पैसे संपले. परतीच्या एका तिकिटापुरते तेवढे उरलेत.

प्रांजल, आई जवळ असेल तर तिला आधी बसव. आबा, तुम्ही बारा न्यायला सांगितल्या होत्या. मी अठरा नेल्या. सहा लीलाकाकूंच्या, कानात निळा दोरा असलेल्या. काका गेल्यावर त्यांनी त्या फक्त तुमच्या शब्दावर आपल्या कळपात सोडल्या. रोज संध्याकाळी काकू येतात, तुम्ही "हायत्या सगळ्या" म्हणता आणि त्या आत न बघता परत जातात. शनिवारी तुम्ही काय म्हणालात? अंथरुणातून न मोजताच "हायत्या" म्हणाला असाल, तर माझ्यामुळे तुम्ही खोटे पडलात. प्रांजल अडू नये म्हणून अक्षर नीट काढतोय.

अश्फाक बरोबर चल म्हणतोय. पण मी दिसायच्या आधी तुम्हाला सगळं कळलेलं असावं. गुरुवारी संध्याकाळी, मेंढ्या आत घ्यायच्या वेळेला येतो. लीलाकाकूही तेव्हाच येतात, म्हणूनच ती वेळ धरली आहे. मागच्या बाजूने येणार नाही. पुढच्या दारात उभा राहीन. मला आत मोजायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

'तुमचा' हा शब्द तोवर लिहीत नाही.

सिद्धू